तीनशे बारा घरांतली आई

मेलेल्या माणसाचे डोळे उघडणं हा आमचा घरचा धंदा. ऐकायला वंगाळ वाटेल, पण सोनईत स्टँडमागच्या गल्लीत अण्णांचा फोटो स्टुडिओ चाळीस वर्षं चालला तो याच कामावर. तेव्हा खेड्यापाड्यांत कितीतरी माणसं जन्मभर एकही फोटो न काढता मरायची. मेल्यावर घरच्यांना आठवण व्हायची आणि अण्णांना बोलावणं यायचं. प्रेताला खुर्चीत बसवायचं, मागून कुणीतरी धरायचं, अण्णा फोटो काढायचे आणि स्टुडिओत येऊन बारीक ब्रशनं त्या फोटोतले मिटलेले डोळे उघडायचे. दहाव्यापर्यंत तसबीर तयार.

या कामाचे अण्णांचे तीन नियम होते. डोळे रक्ताच्या माणसाचेच घ्यायचे. भाऊ, बहीण, मुलगा, कुणीतरी समोर स्टुलावर बसायचं आणि अण्णा त्याचे डोळे बघून फोटोत उतरवायचे. एका माणसाचे डोळे दुसऱ्यांदा घ्यायचे नाहीत. आणि तसबीर झाली की ज्याचे डोळे घेतले त्यानं तिच्यासमोर उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, "दिले." त्याशिवाय तसबीर दुकानाबाहेर जायची नाही. गंमत म्हणजे अण्णा पक्के बौद्ध. दुकानाला कधी लिंबू-मिरची बांधली नाही, मुंजाच्या गोष्टी सांगणाऱ्याला चहासुद्धा विचारला नाही. पण या नियमांचं कारण विचारलं की म्हणायचे, "माणसाकडं द्यायला असतं किती?" मला वाटायचं, गिऱ्हाइकाला भारी वाटावं म्हणून केलेलं हे नाटक आहे.

मी त्यांची एकुलती एक मुलगी, भारती. नगरला कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करायचा कोर्स केला आणि ऑनलाइन कामं मिळवून देणाऱ्या एका साईटवर नाव टाकलं. फोटोमागची भिंत काढून पांढरं करून देते, असं माझं काम. तेच काम करणारे त्या साईटवर ऐंशी हजार लोक होते. माझं नाव दिसायला गिऱ्हाइकाला चाळीस पानं खाली जावं लागलं असतं, आणि तेवढं रिकामटेकडं गिऱ्हाईक मला कधी भेटलं नाही. दोन वर्षांत अकरा कामं मिळाली. त्यातलं एक चपलेच्या फोटोचं होतं आणि त्या माणसानं चप्पल हसरी दिसत नाही म्हणून दोनच तारे दिले.

अण्णा गेले ते स्टुडिओतल्या खुर्चीत. दुपारी चहा घ्यायला बसले आणि उठले नाहीत. अख्ख्या सोनईचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा धड एक फोटो घरात सापडेना. मग मीच दाराला कडी लावली, रडत रडत कॅमेरा लावला आणि त्यांनी शिकवलं होतं तसा त्यांचा फोटो काढला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तसबीर हवी होती. डोळे कुणाचे घेणार? रक्ताची मी एकटी, आणि माझे डोळे सुजून भजी झालेले. तेव्हा मला आईचा तो फोटो आठवला.

अण्णांनी आईचा एकच फोटो मन लावून काढला होता. मी दीड वर्षाची असतानाचा. लाकडी स्टँडचा जुना कॅमेरा, मोठी निगेटिव्ह, खिडकीतला उजेड. त्या फोटोत आई सरळ समोर बघते. काय बघते! बघणाऱ्याला वाटतं, जगात आपल्याशिवाय दुसरं कुणी नाही. मला त्या फोटोचा लहानपणापासून राग होता. कारण आईनं माझ्याकडे असं कधी पाहिलं नाही. आई बोलायची तीसुद्धा पाठमोरी. हातात भाकरी नाहीतर खुरपं, नजर त्या कामावर. नवऱ्यासाठी एवढी नजर होती, माझ्यासाठी नव्हती, असं मी मनाशी धरून बसले होते.

ते डोळे मी उचलले आणि अण्णांच्या चेहऱ्यावर बसवले. तसबीर पाहून कार्यक्रमाला आलेली बायामाणसं रडली. "सूर्यभान बघतोय गं," असं जो तो म्हणाला. आईनं मात्र तसबिरीकडं पाठ केली आणि चुलीकडं गेली. "दिले" म्हणायचं तिला सुचलं नाही आणि मला तर आठवलंसुद्धा नाही.

पुढचं सांगायची लाज वाटते. महिन्याभरानं मी अण्णांचे दोन फोटो, डोळे मिटलेला आणि उघडलेला, शेजारी शेजारी ठेवून साईटवर टाकले. खाली लिहिलं : निरोपाच्या फोटोतले डोळे उघडून मिळतील. चोवीस तासांत. हे काम दुसरं कुणी करत नव्हतं असं नाही. मशीन तर एका मिनिटात करत होतं. पण मशीननं उघडलेले डोळे स्वच्छ असतात आणि ते कुणाकडेच बघत नाहीत. पहिलं काम पोलंडमधल्या एका बाईचं आलं. शवपेटीतल्या आजीचा फोटो. तिच्याकडं नातेवाइकांचे फोटो मागायचे, वाट बघायची, तेवढ्यात ती दुसरीकडं गेली तर? मी आईचे डोळे बसवले, रंग तेवढा निळा केला. तिनं पाच तारे दिले आणि लिहिलं, "मी घरात कुठेही बसले तरी आजी माझ्याकडे बघते."

मग माझा वारू सुटला. नॉर्वे, फिलिपिन्स, ब्राझील. कुणाची बायको, कुणाचा बाप. तपकिरी, हिरवे, घारे, रंग वेगळे, पण डोळे तेच. वर्षाच्या आत मी पहिल्या पानावर आले. नावापुढं सोनेरी बिल्ला लागला. घरावर पत्र्याऐवजी स्लॅब पडला, नगरच्या कोर्सवाल्या मास्तरांनी मला व्याख्यानाला बोलावलं. मी तिथं ऐटीत सांगितलं की या गर्दीत टिकायचं तर दुसऱ्याकडं नाही असं काहीतरी आपल्याकडं पाहिजे. पोरींनी ते वहीत उतरवून घेतलं.

आई पहिल्यांदा असं काही बोलली तेव्हा ती अंगणात मेथी निवडत होती. म्हणाली, "त्या बाईनं अजून दिवा न्हाई लावला."

"कुठल्या बाईनं?"

"ती काय, खुर्चीत बसलीय ती. भाईर पांढरं पडायलंय."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. मला वाटलं, बसल्या जागी डोळा लागला असेल. पण मग हे रोजचंच झालं. एक म्हातारा जेवायला बसतो, टेबलावर दोन ताटल्या मांडतो, एकीत वाढतच नाही. त्याच्या कुत्र्याचा एक कान फाटका आहे. एक पोरगी आरशासमोर उभी राहून रडते आणि मग लाली लावून कामाला जाते. आई हे सगळं शेजारणीचं सांगावं तसं सांगायची. ऐकताना मला हसू यायचं आणि कामाच्या नादात मी "हूं" म्हणायचे.

मग आईचा चहा कपाबाहेर पडू लागला. उंबऱ्याला ठेच लागायची. समोर उभं राहिलं तरी तिची नजर आपल्या खांद्यावरून कुठंतरी पलीकडं. मी तिला नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी दोन तास तपासलं, म्हणाले, मोतीबिंदू नाही, पडदा ठणठणीत, या वयाला असे डोळे मी पाहिले नाहीत. "मग दिसत का नाही?" मी विचारलं. ते म्हणाले, "दिसतंय त्यांना. पण त्या सांगतात ते या खोलीत नाही."

त्याच आठवड्यात नॉर्वेच्या म्हाताऱ्यानं आभाराचा निरोप पाठवला. सोबत फोटो : भिंतीवर मी डोळे उघडून दिलेली त्याची बायको, खाली टेबल, टेबलावर दोन ताटल्या. टेबलाखाली कुत्रं. कुत्र्याचा एक कान फाटका.

आई तेव्हा पलंगावर बसून भिंतीकडं तोंड करून शेंगा सोलत होती. मी तिच्या मागं, माझ्या पाठीमागच्या भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्या शेजारी अण्णांची तसबीर. आई मान न वळवता म्हणाली, "आगं, तुज्या पाठीची शिवन उसवलीय. असंच बाजारात जाऊ नको."

मी हात मागं नेला. शिवण उसवलेली होती. मी हळूच वळून अण्णांच्या तसबिरीकडं पाहिलं. तसबीर माझ्याकडे बघत होती. आईसुद्धा.

आता तुम्ही म्हणाल, मी त्याच दिवशी काम बंद केलं असेल. नाही केलं. चार कामं घेतलेली होती, ती वेळेत दिली नसती तर बिल्ला गेला असता. त्यात मी दुसरे डोळे वापरून पाहिले, इंटरनेटवरून घेतलेले, चांगले टपोरे. चारही गिऱ्हाइकांनी परत पाठवले. "सुंदर आहे, पण ती माझ्या मागं कुठंतरी बघते," असं एकानं लिहिलं. मी चारही फोटोंत आईचे डोळे बसवून दिले. हे मी शुद्धीत केलं. त्याच रविवारी आईनं भाकरी थापताना तव्यावर हात टेकवला, कारण तिच्यापुढं तवा नव्हताच. तिच्यापुढं कुणाचंतरी अंगण होतं.

त्या भाजलेल्या हातानं माझे डोळे उघडले म्हणायचे. मी साईटवरचं काम थांबवलं आणि अण्णांच्या जुन्या गिऱ्हाइकाकडं गेले. स्टँडवर चहाची टपरी चालवणारे गहिनीनाथकाका. त्यांच्या मेलेल्या भावाला अण्णांनी त्यांचेच डोळे दिले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी गॅस बारीक केला.

"दिले म्हनली का तुजी आई, चांगुनाबाई?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"नाही."

"मग ते डोळे अजून तिचेच हायेत की. भावाची तसबीर दोन दिवस दुकानात पडून हुती. मी मळ्यात, पन दिसायची दुकानाची भिंत. बैल न्हाई, मोट न्हाई, भिंत. सूर्यभाननं बलावलं, दिले म्हनलो, सुटलो." त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "कितींदा घेतले तू?"

"अण्णांचे धरून तीनशे बारा वेळा," मी सांगितलं. काकांनी चहाचे पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन मी आईला सगळं कबूल केलं. वाटलं होतं, ती शिव्या घालेल. ती चाचपडत माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "मला वाटलं हुतं मी येडी झाले. लई हलकं वाटलं बग." आणि थोड्या वेळानं, "पन झोप न्हाई गं. आपल्याकडं रात झाली की तकडं दिवस. मी मिटले तरी ते उघडेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी बसलो. आईला लॅपटॉप दिसायचा नाही. म्हणून मी अण्णांची तसबीर खिळ्यावरून काढली आणि स्टुलावर लॅपटॉपसमोर उभी केली. अण्णा स्क्रीनकडं बघत होते आणि आई पलंगावर खिडकीकडं तोंड करून सांगत होती, "आला फोटू. पिवळी साडी का काय नेसलीय ती?" मी एकेक फोटो लावायचे. आई त्यांना ओळखायची. ती त्यांच्या घरात राहत होती, त्यांना तिचा पत्ताही नव्हता. "हिचा नातू लई रडवा," म्हणायची. "ह्यो मानूस बायकोच्या फोटूशी भांडतो, पन मनानं चांगला हाय." आणि मग, "दिले."

आम्हाला आशा होती ती एकच. सगळे देऊन झाले की तिचं तिला दिसेल. प्रत्येक वीस-पंचवीस फोटोंनंतर मी तिच्या तोंडासमोर बोटं धरायचे. "किती?" ती हसायची. "बोटं न्हाई दिसत. पन येक खोली कमी झाली."

तीन दिवस लागले. नॉर्वेच्या म्हाताऱ्याला तिनं शेवटाला ठेवलं होतं. "त्याला लिव की जेवत जा म्हनून. कुत्र्यालाच घालतो सगळं." मी तसं लिहिलं. मग ती म्हणाली, "दिले."

संध्याकाळपर्यंत निरोप यायला लागले. पहिला पोलंडच्या बाईचा : "तुम्ही काय केलं? आजी आता माझ्याकडे बघत नाही." मग ब्राझीलचा, मग एकामागून एक. फोटो तेच, ठिपकासुद्धा बदललेला नाही, तरी सगळ्यांची तक्रार एकच. अण्णांच्या तसबिरींत रक्ताचे डोळे त्या माणसाचे होऊन जायचे. माझ्या आईचे डोळे त्या परक्यांचे कसे होणार होते? पाच ताऱ्यांचा एकेक तारा झाला. चार दिवसांत बिल्ला गेला, मी पुन्हा चाळिसाव्या पानाच्याही खाली गेले. मला त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याची लाजही वाटली. नॉर्वेच्या म्हाताऱ्यानं तेवढी तक्रार केली नाही. त्याचा फक्त एक फोटो आला : टेबलावर एकच ताटली.

आईला झोप लागली. दोन दिवस ती झोपलीच. उठली तेव्हा शांत होती, पण तिचे डोळे तसेच, खिडकीवर ठेवल्यासारखे. मी बोटं धरली. तिला ती दिसली नाहीत. एवढ्या घरी दिलेली वस्तू परत एका जागी गोळा होत नाही, हे मला तेव्हा कळलं.

तरी एक राहिलं होतं. "आई," मी म्हणाले, "सगळ्यात पहिला अण्णांचा फोटो केला मी. तिथनंच सुरू झालं. तो दिला तर तुझं तुला दिसेल कदाचित."

"आन न्हाई दिसलं तर?"

नाही दिसलं तर मग कायमचा अंधार, कारण आता तिला जे काही दिसत होतं ते त्या एकाच तसबिरीतून.

"आन इकडं," ती म्हणाली. मी तसबीर दोन्ही हातांत घेतली. तिच्याकडं नेऊ लागले तर म्हणाली, "माज्याकडं कशाला? तुज्या तोंडाम्होरं धर."

मी तसबीर स्वतःसमोर धरली. आई पलीकडं, खिडकीकडं तोंड करून बसलेली.

"त्या फोटूत मी कुनाकडं बगत हुते, ठाव हाय का तुला?"

"अण्णांकडं," मी म्हणाले. माझ्या आवाजातला जुना राग तिला ऐकू गेला असणार.

"त्यांच्याकडं कशाला बगू? ते काळ्या फडक्यात मुंडकं घालून उभे. त्यांचं तोंडच दिसत नव्हतं." आई हसली. "तू त्या फडक्याखाली शिरली हुतीस. अंधार झाला तशी घाबरलीस. आन कॅमेऱ्याच्या खालनं डोकं भाईर काढलंस आन मला हुडकायला लागलीस. मी दिसले तवा कशी हसलीस! तवाच त्यांनी बटन दाबलं."

पोलंडपासून ब्राझीलपर्यंत मी जे विकलं होतं ते माझंच होतं, आणि मला ते कधी मिळालंच नाही असं म्हणत मी तेहेतीस वर्षं काढली होती.

"बाकी समदे दिले," आई म्हणाली. "ह्ये न्हाई देनार."

"आई, एकदा म्हणून तर बघ. दिसलं तर—"

"दिसतंय की मला." ती खिडकीकडंच तोंड करून होती. "किती वाळलीस गं. आन रडती कशाला? जरा वर धर. तुजं कपाळ न्हाई दिसत."

मी तसबीर जरा वर धरली.